अंबादासचं ‘गेलं’

१२ जून, गुरुवार. ठरलेला दर एका पाठाला एकशे वीस रुपये. चौऱ्याऐंशी पाठांचे दहा हजार ऐंशी, पैकी तीन हजार त्याच दिवशी आगाऊ. हजर: मी, माझी पत्नी विजया, मोहोळहून आलेला तिचा धाकटा भाऊ दत्ता आणि ज्याला पैसे दिले तो अंबादास. पावती मी लिहिली, दत्ताने साक्षीदार म्हणून सही केली. अंबादासने पावती न वाचताच खाली सही ठोकली. न वाचता सही करणाऱ्याला एकतर सगळं आधीच ठाऊक असतं, नाहीतर कशाचीच फिकीर नसते. पाटबंधारे खात्याच्या भांडारात सत्तावीस वर्षं नटबोल्टपासून पंपापर्यंत वस्तू मोजून देताना मी एवढं शिकलो आहे, की या दोन्ही प्रकारच्या माणसांवर नजर ठेवावी लागते. मी त्याच क्षणी ठरवलं, ठेवायची.

कामाचं कारण आधी सांगतो. विजया शाळेत गणित शिकवते. शिकवायची, असं आता लिहावं लागतं. मे महिन्यात तिचा घसा तपासून डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ वाईट आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख दिली ८ जुलै. परतताना रिक्षातून आमच्या जुळे सोलापूरची कमान दिसली तेव्हा तिने विचारलं, “आठवी, नववी, दहावीची भूमिती धरली तर पाठ किती होतील?” मी घरी येऊन तिन्ही पुस्तकं काढली आणि मोजले. चौऱ्याऐंशी. “तेवढं बोलून ठेवते,” ती म्हणाली. डॉक्टरांनी परवानगी दिली ती दिवसाला दीड तास बोलण्याची. त्यावर एक मिनिट नाही.

हॉलमध्ये फळा टांगला, मोबाइल स्टँडवर बसवला आणि चित्रीकरण सुरू झालं. पण तसेच्या तसे पाठ मुलांना देता येणार नव्हते. मध्येच तिला खोकला यायचा, घोटभर पाणी लागायचं, कुकरची शिट्टी व्हायची, बाहेरून भंगारवाला ओरडत जायचा. हे सगळं कापणारा माणूस हवा होता. शिवाय तिची एक अट होती. कापून तयार झालेला प्रत्येक पाठ ती स्वतः पाहणार, आणि कुठे वाक्य चुकलं असेल तर पुन्हा बोलणार. आठ जुलैनंतर पुन्हा बोलणं नव्हतं. सहा तारखेला दाखल व्हायचं होतं. म्हणजे हातात दिवस चोवीस, आणि रोजचे पाठ साडेतीन. हा आकडा मी कागदावर मोठा लिहून फ्रिजवर चिकटवला.

अंबादासचं नाव शाळेच्या शिपायाने सुचवलं. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्याची एका खोलीची व्हिडिओ एडिटिंगची जागा होती. घरची बोली तेलुगू. वय पन्नासच्या आतबाहेर, अंगाने काटकुळा, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. तरुणपणी सात वर्षं चादरीच्या मागावर काढलेली. तो कारखाना बंद पडल्यावर लग्नाच्या शूटिंगला लागला आणि तिथून कापाकापीच्या कामात आला. मी पहिल्याच भेटीत सांगितलं, की चित्रण घराबाहेर जाणार नाही, काम आमच्याच घरी, आमच्या मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर करायचं. मुलगा नोकरीला बाहेरगावी असतो, त्याची खोली रिकामीच होती. दुसरा कोणी असता तर अपमान वाटून उठला असता. हा म्हणाला, “चालतंय की. माजं हात माज्यासंगटच येतंय.”

पहिल्याच दिवशी त्याने मला हादरवलं. पहिला पाठ कापून झाला, त्याने शेवटचं बटण दाबलं, पडद्यावरचं चित्र नाहीसं झालं आणि तो समाधानाने म्हणाला, “गेलं!”

मी खुर्चीतून उठलोच. “कुठं गेलं?”

“गेलं की साहेब. फोल्डरात गेलं.”

“मग सेव्ह झालं म्हणा. गेलं काय?”

तो हसला. “मागावर धोटा ह्या टोकाचा त्या टोकाला गेला, की आमी म्हनतो, गेलं. मधी आडकला तर सूत तुटतंय. गेलं म्हंजे चांगलं.”

मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. भांडारात एखादी वस्तू ‘गेली’ म्हणजे चौकशी लागते. त्यानंतर दर वेळी तो ‘गेलं’ म्हणायचा आणि दर वेळी मी फोल्डर उघडून बघायचो. विजयाचीही गंमत वेगळीच. तेलुगूच्या सवयीने अंबादास बाईमाणसालाही ‘ते’ म्हणायचा. “बाई आलं का? बाई जेवलं का?” असं त्याचं चालायचं. विजया त्याला शाळेतल्यासारखी सुधारायची. “अंबादासभाऊ, बाई आल्या म्हणायचं. तुम्ही तर मला पार नपुंसकलिंगात टाकलंत.” तो जीभ चावायचा, “चुकलं, बाई,” म्हणायचा, आणि पाचच मिनिटांत आत डोकावून मला विचारायचा, “बाई झोपलं का ओ?”

पहिले तीन दिवस वाईट गेले. कापण्यापेक्षा ठेवण्यातच जास्त वेळ जात होता. पाठ कापून झाला की नाव टाइप करा, इयत्तेचा फोल्डर शोधा, त्यातला प्रकरणाचा फोल्डर शोधा, मग ती निळी पट्टी शेवटपर्यंत सरकेपर्यंत हात बांधून बसा, मग पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करा. मी घड्याळ लावून मोजलं, एका पाठाला अकरा मिनिटं. त्यात तिसऱ्या दिवशी ‘समरूप त्रिकोण’ सापडेना. त्याने एकदा एका स्पेलिंगने नाव टाकलं होतं, एकदा दुसऱ्या, आणि पाठ जाऊन बसला होता नववीत. शोधण्यात आख्खी दुपार गेली. तो पाठ पाहून दुरुस्ती सांगायची म्हणून विजया पाण्याचा पेला घेऊन बाहेर बसून राहिली होती. त्या दिवसाच्या तिच्या दीड तासातली चाळीस मिनिटं न वापरताच संपली. उरलेला आवाज पुढच्या दिवशी खर्चाला मिळत नव्हता. ती उठली, पेला घेऊन आत गेली.

अंबादासने ते पाहिलं. चष्मा काढून पुसला. “नाव टाकायला वेळ न्हाय म्हनतंय लोक, आन मग शोधायला दिवस घालवतंय. साहेब, मला दोन दिवस द्या.”

“दोन दिवस? अहो, चोवीसातले तीन गेले. पाठ झालेत नऊ.”

“म्हनूनच म्हनतो. दोन द्या, मी बाईला लई दिवस परत करतो.”

तो गेला. विजयाने चित्रण चालू ठेवलं, पण कापणं थांबलं. मी दत्ताला फोन केला. दत्ता म्हणाला, “दाजी, लई विश्वास टाकू नका. तीन हजार घेऊन गेला न्हवं? आमच्या हितं एकानं लग्नाची कॅसेट करायला दिली. लग्न झालं, पोरगं झालं, पोरगं शाळेत जायला लागलं, कॅसेट आजून येतीय.” मी पावतीचा कागद पुन्हा एकदा वाचून ठेवला.

सतरा तारखेला सकाळी साडेनऊला अंबादास दारात हजर. काखेत एक जुना पिवळट कीबोर्ड. त्याच्या काही बटणांवर सुताच्या रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटवलेले होते. चादरीचंच सूत. लाल, हिरवं, निळं, काळं.

“हे काय तोरण?” मी विचारलं.

“लाल आठवी, हिरवं नववी, निळं धावी. काळं म्हंजे बाईनं नापास केलं, परत बोलायचं. आता नाव टाकायचं न्हाय, फोल्डर शोधायचा न्हाय. हे बघा.” त्याने पाठ कापला आणि हिरवं दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात आपोआप नाव उमटलं: इयत्ता, प्रकरण, पाठाचा क्रमांक. क्रमांक त्याचा तोच पुढे सरकत होता. फाइल नववीच्या फोल्डरात गेली, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत पडू लागली, आणि हे सगळं मागे चालू असतानाच पुढचा पाठ समोर उघडला होता. “गेलं!” मी घड्याळ पाहिलं. पन्नास सेकंद. पुन्हा करायला लावलं. बावन्न.

नक्षीदार चादरीच्या मागाला, तो सांगत होता, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कुठला धागा केव्हा वर उचलायचा ते पुठ्ठा सांगतो, विणकराने फक्त पाय मारायचा. “डोकं येकदाच लावायचं. मग रोज नुसतं हात.” हे त्याचं आवडतं वाक्य होतं. रोज तीनचारदा तरी ऐकायला मिळायचं.

आता दिवसाला चार पाठ सहज होऊ लागले. कधी पाच. फ्रिजवरच्या कागदावर मी रोज झालेले आणि उरलेले लिहायचो, आणि विजया येता-जाता तो कागद वाचायची. तिचा आवाज रोज थोडा थोडा खरबरीत होत होता, पण ती घाई करत नव्हती. वाचलेला वेळ तिने चुकलेले पाठ पुन्हा बोलण्यात घातला. सात पाठ तिने स्वतःच काळ्या धाग्यात घातले आणि पुन्हा केले.

मी समाधानी असायला हवं होतं. पण माझ्या कानांनी एक गोष्ट टिपली होती. अंबादासच्या म्हणण्याप्रमाणे एका पाठाला एकदाच बटण दाबायचं. कापताना मात्र दर थोड्या वेळाने टक-टक, अशी दोन बटणं वाजायची. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. उजव्या कोपऱ्यातल्या एका बटणावर पांढरा धागा होता. पिवळट बटणावर पांढरा धागा पटकन दिसत नाही. खोकला कापला की तो आधी पांढरं दाबायचा, मग एक आकडा. एक ते चारच्या पुढे कधी नाही.

“हे पांढरं कशाचं?”

“ते व्हय? ते काय न्हाय. असंच.”

रंगीत धाग्यांची सगळी कुळकथा सांगणारा माणूस पांढऱ्याबाबत ‘असंच’ म्हणतो, तेव्हा ते असंच नसतं. तो डबा खायला गॅलरीत गेला असताना मी पांढरं दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. मग मी वहीत आकडे टिपायला लागलो. १, १, ४, ३, १, २, १, १, ४. दिवसाकाठी वीसबावीस आकडे व्हायचे. यात एक फार होते. ही कसली खूण असावी, म्हणून मी त्यांची बेरीज केली, गट पाडले, उलटे वाचून पाहिले. त्यातून काही निघेना.

“काय बघूलालाव साहेब मागनं?” तो मान न वळवता विचारायचा. “शिकायचं असंल तर म्होरं बसा की.”

“मी बरा आहे इथं.”

“बसा बसा. मागावर मुकादम पन असाच मागंच बसायचा.”

एकसष्ट पाठ झाले त्या दिवशी मी डिस्क तपासली. कापलेला पाठ साधारण तीनशे एमबी. एकसष्ट पाठांचे अठरा जीबी व्हायला हवे होते. तिन्ही इयत्तांच्या फोल्डरांची बेरीज अठराच येत होती. पण डिस्क म्हणत होती तीस. बारा जीबी या घरात होते आणि मला दिसत नव्हते. मी तीनदा बेरीज केली. मग गॅलरीत जाऊन दत्ताला फोन लावला.

“दाजी, मी सांगतो ना. क्लासवाल्याला विकनार त्यो. ताईसारखी भूमिती शिकिवणारं हाय का कोण जिल्ह्यात? काम आटपलं की लपवलेलं काढून नेतंय बघा.”

दत्ताचं ऐकून माझं डोकं आणखी तापलं. त्याच दुपारी अंबादास फोनवर तेलुगूत बोलताना मी ऐकला. भाषा मला येत नाही. मध्ये ‘बाई’ हा शब्द तीनदा आला आणि एकदा ‘पेनड्राइव्ह’. त्या दिवसापासून तो निघाला की मी दारात उभा राहून त्याच्या पिशवीकडे पाहायचो. एके दिवशी त्याने न विचारताच पिशवी उघडून दाखवली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. “अजून कायतरी बघायचं ऱ्हायलं का?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखीच संशय आला.

तरी मी गप्प राहिलो. त्या वेळी भांडण काढलं असतं आणि तो उठून गेला असता, तर तेवीस पाठ राहिले असते आणि दिवस होते सहा. विजयाचे पाठ पुरे होईपर्यंत मला त्याची गरज होती. हा हिशेब मला स्वच्छ कळत होता, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

पाच जुलैला संध्याकाळी पाच वाजता चौऱ्याऐंशीवा पाठ झाला. वर्तुळाची स्पर्शिका. विजयाने तो शेवटपर्यंत पाहिला आणि अंबादासकडे वळून म्हणाली, “पास.” त्याने निळं दाबलं. “गेलं!” दोघंही हसले. ती हॉस्पिटलची बॅग भरायला आत गेली. मी खोलीचं दार लोटलं.

“अंबादास, डिस्कवर एकेचाळीस जीबी आहेत. पाठ पंचवीसचे. वरचे सोळा कुठले?”

त्याने कीबोर्डवरचा हात उचलला. “मोजलाव व्हय?”

“मोजलं.”

“कातरन हाय साहेब. कापलेलं तुकडं.”

“कापलेलं टाकून द्यायचं असतं. लपवून कशाला ठेवलं? उघडा.”

“आज नको. बाईचं ऑपरेशन होऊ दे.”

“माझ्या घरातली वस्तू मला बघायची, तर ऑपरेशन कशाला व्हायला हवं?”

“होऊ दे म्हनतो ना,” तो म्हणाला आणि उठला.

मी सांगितलं, की मग उरलेले पैसेही तेव्हाच मिळतील आणि तोवर कीबोर्ड इथेच राहील. कॉम्प्युटर, डिस्क, पेनड्राइव्ह सगळं मी कपाटात घालून कुलूप लावलं, त्याच्यादेखत. अंबादासने रिकामी पिशवी उचलली. दारात चपला घालताना तो एवढंच म्हणाला, “बाईला सांगा, सगळं नीट गेलं.” विजयाने बाहेर येऊन विचारलं, भाऊ चहा न घेताच कसे गेले? मी म्हणालो, त्यांना घाई होती.

आठ तारखेला ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. सोळा दिवसांनी ती घरी आली. गळ्याला पट्टी, हातात पाटी. शाळेतल्या मुलींनीच ती पाटी आणून दिली होती. घरात एवढी शांतता मी बत्तीस वर्षांत ऐकली नव्हती. फ्रिजवरचा कागद तसाच होता: झाले ८४, उरले ०.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबादासचा फोन आला. “बाई घरी आलं का?”

“आल्या.”

“मग कपाट खोला. कीबोर्ड लावा. पांढरं दाबून धरा आन पाचपर्यंत मोजा. मोजायला तुमाला शिकवायला नको.” आणि फोन ठेवला.

मी कॉम्प्युटर लावला. पांढरं दाबून धरलं. पाचाला पडद्यावर एक फोल्डर उघडला. नाव होतं, ‘घरचं’. आत चार फोल्डर. पहिला ‘अहो’, दुसरा ‘हसनं’, तिसरा ‘रागवनं’, चौथा ‘बाकी’. एक, दोन, तीन, चार.

पहिला उघडला. त्यात लहान लहान तुकडे होते, पाच सेकंदांचे, दहा सेकंदांचे, पण मोबाइलमधून आले तसेच, न दाबता ठेवलेले, म्हणून एवढे जड. विजया फळ्यापुढे उभी आणि दाराकडे पाहून म्हणते, “अहो, पंखा बंद करा ना, घरघर येतेय.” पुढचा. “अहो, पाणी.” पुढचा. “अहो, किती वाजले?” “अहो, कुकर बघा.” “अहो, कुठं आहात?” “अहो, त्या माणसाच्या मानगुटीवर बसू नका, बाहेर या जरा.” एका तुकड्यात ती काहीच मागत नव्हती. खडू हातात धरून नुसतीच म्हणाली, “अहो...” आणि थोडं थांबून पुन्हा फळ्याकडे वळली.

एकशे सदतीस. माझ्या वहीत एकचा आकडा एकशे एकतीस वेळा होता. सहा वेळा मी पाणी द्यायला उठलो असणार.

चारही फोल्डर मिळून चारशे बारा तुकडे होते. त्यात दत्ताशी फोनवरचं भांडण होतं, भंगारवाल्याला दिलेला आवाज होता, “नपुंसकलिंगात टाकलंत” नंतरचं हसणं होतं. पाठांत ती मुलांशी बोलली होती. इथे ती घरात बोलत होती.

विजया केव्हा मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. आम्ही पहिला फोल्डर सुरुवातीपासून पुन्हा लावला. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती, पाठ तपासताना ऐकायची तसंच. संपल्यावर तिने पाटीवर लिहिलं, ‘माझे अहो १३७. तुमचे ओ किती?’

मला पुन्हा सगळे लावावे लागले. चित्रण चालू असताना मी दुसऱ्या खोलीत अंबादासच्या मागे बसून त्याची टकटक मोजत होतो. माझा आवाज नऊ तुकड्यांत होता. मी सांगितलं, “नऊ.” तिने ते पाटीवर वजा करून एकशे अठ्ठावीस लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग ती हसली. आवाजाशिवाय ती कशी हसते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अंबादास आता सोलापुरात नाही. या वर्षी संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा उठली आणि त्याने खोलीला कुलूप लावलं, भिवंडीला मुलीकडे राहायला गेला. डोळे फार अधू झाले होते. वीसेक वर्षं पडद्याजवळ नाक नेऊन काम केल्यावर दुसरं काय होणार? जाण्याआधी त्याचा फोन आला. “साहेब, डोळं गेलं.” मी विचारलं, “तुमच्या अर्थानं का आमच्या?” तो म्हणाला, “ह्या बारीला तुमच्याच.” मग स्वतःच विषय बदलून विचारलं, “बाई बरं हाय न्हवं?” मी त्याची ‘बाई’ सुधारली नाही. बरं हाय, म्हणालो.

हिशेब तेवढा लिहायचा राहिला. ज्या दिवशी तो फोल्डर उघडला त्याच संध्याकाळी मी रिक्षा करून त्याच्या खोलीवर गेलो आणि त्याला घरी घेऊन आलो. विजयाने चहा केला. मी सात हजार ऐंशी रुपये मोजून पुढे ठेवले आणि म्हटलं, “तुकड्यांचे वेगळे सांगा.”

“तुकड्याचं पैसं कोन घेतंय? साहेब, मागावर होतो तवा सूत मालकाचं आसायचं. चादर तर द्यायचीच, पन तुटकं धागं, कातरन, सगळं गोळा करून तेबी वजनानं परत द्यायचं. चादर आन कातरन मिळून सुताचं वजन भरलं पायजे. तुमी डिस्क मोजलाव, तवा मला वाटलं, हा मानूस भांडारातला हाय, ह्याला कळंल.”

मला कळायला हवं होतं. भांडारात मी आयुष्यभर हेच केलं आहे: दिलेला माल आणि परत आलेली मोडतोड यांची बेरीज लावणं.

“मग लपवलं कशाला?”

“बाईनं बघितलं आस्तं तर? चौऱ्याऐंशी पाठ बोलायचं होतं तेंना. आपला आवाज जानार हाय म्हनून कोनतरी येकेक तुकडा वेचूलालाय, हे कळलं आस्तं तर बोलवलं आस्तं का?” मग खाली बघून म्हणाला, “आन तुमाला सांगितलं आस्तं, तर तुमच्या तोंडावर लगेच दिसलं आस्तं.”

विजयाने पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरलं, ‘हसणं. रागावणं. ण!’ तो जीभ चावून म्हणाला, “चुकलं, बाई.” मग उठून कीबोर्डपाशी गेला आणि दहा मिनिटं काहीतरी खटपट केली. “कापायचं काम संपलं. आता पांढरं दुसऱ्या कामाला.” त्याने कीबोर्ड विजयाच्या हाताशी ठेवला. तिने पांढरं दाबलं. स्पीकरमधून तिचाच आवाज आला, “अहो...” मी समोरच उभा होतो, तरी ओ दिली. कीबोर्ड तेव्हापासून आमच्याकडेच आहे. दिवसाला सहासात वेळा पांढरं वाजतं. मी घरात कुठेही असलो तरी ओ देतो. मोजत नाही.

पैसे उचलताना अंबादासने एकशे वीस रुपये बाजूला काढून माझ्याकडे सरकवले. मी म्हटलं, चौऱ्याऐंशी पाठ आहेत, हिशेब बरोबर आहे.

“त्र्याऐंशी. बावन्नावा मी कापलाच न्हाय. बाई सलग बोललं. खोकला न्हाय, पानी न्हाय, येक तुकडा पडला न्हाय. न कापल्याचं कसं घेऊ?”

मी वही उघडली. बावन्नाव्या पाठापुढे एकही आकडा नव्हता. सत्तावीस वर्षांत माझी बेरीज दुसऱ्याने दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही. त्याने नोटा न मोजता खिशात घातल्या. मी विचारलं, “गेलं?” तो म्हणाला, “आलं की, साहेब.”

२५ जुलै, शुक्रवार. हजर: मी आणि विजया. पावती त्याने लिहिली, मी न वाचता ठेवून दिली. दिले रुपये सहा हजार नऊशे साठ, अंबादासला.